व्ही-क्रॉसला बर्फातली चेन कोणती घ्यावी? जानेवारीत काश्मीर

विटेकर
राम राम मंडळी. मोठा भाऊ श्रीनगरला गलाईच्या धंद्यात आहे. आमच्या खानापूर-आटपाडीची निम्मी पोरं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलीत, त्यातलाच तो. दरवर्षी दिवाळीला तोच गावी येतो, यंदा आम्ही जानेवारीत तिकडं जायचं ठरवलंय. गाडी इसुझू व्ही-क्रॉस, फोर बाय फोर, टायर कंपनीचेच, २५५/६० आर १८. जाताना हौद्यात बेदाण्याच्या पेट्या, हळद आणि गूळ. येताना जवळपास रिकामी.

एरवी ही गाडी विटा ते सांगली मार्केट यार्ड आणि उरलेला वेळ द्राक्षबागेत. बर्फाशी गाठ पडणार ती वर्षा-दोन वर्षांतून एकदा. ऑनलाइन बघायला बसलो तर डोकं फिरलं. लोखंडी जाळी, शिडीसारखी चेन, कापडी मोजे, प्लास्टिकच्या पट्ट्या, सगळंच 'सर्वोत्तम'. कोणती घेऊ? दोन चाकांना की चारही? दोनच घेतली तर पुढं का मागं? गुलमर्गलाही जायचं आहे, बरोबर आईवडील असतील.

गणपतीपेठकर
चेन कशाला राव? फोर बाय फोर हाय न्हवं? फोर-एच टाकायचं, म्हंजी चारी चाकं ओढत्यात, आणि निघायचं. विषय संपला.

कृष्णाकाठ
पेठकर, महापुराच्या चिखलातनं गाडी काढणं वेगळं आणि बर्फ वेगळा. वेण्णा लेकवर गाडीच्या टपावर दव गोठलं की आपल्याकडं 'महाबळेश्वरात बर्फ' म्हणून फोटो फिरतात. तेवढ्या अनुभवावर सल्ला नको.

निवृत्त_फौजी_सातारा
पेठकरांचा गैरसमज फार लोकांचा असतो, म्हणून सविस्तर लिहितो. माझी नोकरी लष्करात गाडी चालवण्यात गेली, त्यातली बरीच वर्षं काश्मीर खोऱ्यात.

फोर बाय फोर गाडीला पुढं ढकलतं. ब्रेक लावताना त्याचा काहीही उपयोग नाही. ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतातच, गाडी थांबते ती टायर आणि रस्त्याच्या पकडीवर. कोरड्या डांबरावर ही पकड, म्हणजे घर्षणाचा गुणांक, ०.७ च्या आसपास धरतात, दाबल्या गेलेल्या बर्फावर ०.२ ते ०.३ आणि काचेसारख्या गोठलेल्या थरावर ०.१ किंवा त्याहून कमी. आता हिशोब करा. ताशी ३० च्या वेगानं ब्रेक मारला तर डांबरावर गाडी साधारण ५ मीटरमध्ये थांबते, दाबलेल्या बर्फावर १४ मीटर, आणि त्या काचेवर ३५ मीटर. शिवाय हे सपाटीवरचं, उताराचं तर बोलायलाच नको. फोर बाय फोरवाला चढ आरामात चढतो, त्याला वाटतं आपण जिंकलो, आणि उतरताना पहिल्याच वळणावर सरळ जातो. दरीतून ओढून काढलेल्या गाड्यांत फोर बाय फोर कमी नसत.

दुसरं, जानेवारी म्हणजे चिल्ले कलान. २१ डिसेंबर ते ३० जानेवारी हे चाळीस दिवस काश्मीरमधले सगळ्यात कडक थंडीचे. ताज्या भुसभुशीत बर्फाला मी घाबरत नाही, त्यात टायर रुततो आणि धरतो. भीती आहे ती दुपारी उन्हानं वितळून रात्री पुन्हा गोठलेल्या थराची. सकाळी रस्ता नुसता ओला दिसतो. आणि शून्याच्या आसपासचा, वर पाण्याचा पातळ पडदा असलेला बर्फ हा उणे वीसच्या कडक बर्फापेक्षा जास्त निसरडा असतो. सावलीतलं वळण आणि पुलावरचा रस्ता, या दोन जागा लक्षात ठेवा.

तेव्हा चेन घ्या. लोखंडीच घ्या.

गणपतीपेठकर
फौजीकाका, शब्द मागं घेतो. पण मग इतके पर्यटक स्विफ्ट घेऊन मनालीला जातात ते?

सह्याद्रीवेडी
जातात आणि अडवले जातात, पेठकर. 😀 आम्ही डिसेंबरात अटल बोगद्यातून सिस्सूला जाणार होतो. बोगदा ९.०२ किलोमीटरचा, २०२० च्या ऑक्टोबरात सुरू झालेला, आत बर्फाचा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो दोन्ही तोंडांकडच्या रस्त्यांचा, कारण ती तोंडंच दहा हजार फुटांवर आहेत. बर्फ पडला की पोलीस मनालीच्या पुढं फक्त फोर बाय फोर किंवा चेन लावलेल्या गाड्या सोडतात, आणि जास्त पडला की कुणालाच नाही.

रस्त्याकडेला चेन भाड्यानं देणारे पुष्कळ होते. आमच्या गाडीचे टायर मोठे, त्यांच्याकडची चेन तिथल्या टॅक्सीच्या मापाची. तरी एकानं ओढूनताणून बसवली, वर तारेनं बांधली. थोडं अंतर गेल्यावर तार तुटून चेन मडगार्डवर बडवायला लागली. भाड्याच्या भरवशावर जाऊ नका, खास करून पिकअप घेऊन.

टायरवाला_मिरज
विटेकर, आता मापाचं बोलू. सगळ्यात आधी टायरच्या बाजूवर छापलेला आकडा. चेनच्या खोक्यावर नेमका तोच आकडा असला पाहिजे. 'एसयूव्हीला चालते', 'मोठ्या गाडीला बसते' असल्या भाषेवर पैसे टाकू नका. २५५/६० आर १८ चा व्यास ७६३ मिलिमीटर येतो. त्याच १८ च्या रिमवर २६५/६० टायर घातला की ७७५. फरक १२ मिलिमीटरचा वाटतो, पण घेर जवळजवळ ३८ मिलिमीटरनं वाढतो. चेन एवढी सैल पडली की गेलीच. उद्या हौसेनं रुंद टायर टाकणार असाल तर आत्ता चेन घेऊ नका.

प्रकार असे:

शिडीची चेन. दोन्ही बाजूंना लांब साखळ्या आणि मध्ये आडव्या पायऱ्या. स्वस्त, दणकट. पण दोन पायऱ्यांमध्ये टायर उघडा राहतो, त्यामुळं गाडी धक्के देत चालते आणि आडवी घसरायला लागली तर ही चेन फारसं धरत नाही. सरळ चढ असेल तर ठीक.

जाळीची, म्हणजे टायरवर चौकटी पडतात ती. यात लोखंडाचा कुठला ना कुठला भाग कायम जमिनीला टेकलेला असतो. वळणावर धरते, एबीएसही (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नीट काम करतं. घाटासाठी हीच.

कापडी मोजे. खरोखर कामाचे आहेत, चेष्टेचा विषय नाही. हलके, बसवायला पाच मिनिटं, टायरच्या आत जागा कमी असलेल्या गाड्यांना वरदान. पण डांबर लागलं की फाटतात आणि कडक बर्फावर लोखंडाइतके रुतत नाहीत. भरलेल्या पिकअपला मुख्य साधन म्हणून नको, जादा म्हणून ठेवा हवं तर.

प्लास्टिकच्या पट्ट्या. त्या पैशात बाकरवडी घ्या.

कडीची जाडी ९, १२, १६ मिलिमीटर अशी मिळते. हा आकडा म्हणजे टायरच्या वर लोखंड किती उचललं जाणार ते. ९ ची चेन कमी जागेच्या कारला. पिकअपला १२ किंवा १६, पण आत जागा असेल तरच. खोक्यावर ईएन १६६६२-१ किंवा जुनं ऑस्ट्रियन ओ-नॉर्म व्ही ५११७ लिहिलेलं असेल तर माल चाचणीतून गेलेला आहे असं समजा. अमेरिकन चेनवर क्लास एस, यू, डब्ल्यू असं असतं. क्लास एसला टायरच्या बाजूला किमान १५ मिलिमीटर आणि वरच्या अंगाला ३७ मिलिमीटर मोकळी जागा लागते. यूला २३ आणि ५०, डब्ल्यूला ३८ आणि ६४.

विटेकर
मिरजकर, आत्ताच गाडीखाली झोपून बघितलं. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला पाटे आणि शॉकअप, तिथं दोन बोटं आडवी आरामात जातात. पुढं मात्र वरच्या आर्मच्या गुडघ्यापाशी टायरची बाजू फार जवळ आहे. स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की एक बोट कसंबसं. ब्रेकचा रबरी पाइपही तिथंच वळसा घेतो.

टायरवाला_मिरज
मग पुढं १६ ची विसराच. आणि बोटानं मोजलं ते गाडी उभी असताना. खड्ड्यात सस्पेन्शन दबलं की जागा बदलते. गाडीसोबत आलेलं पुस्तक उघडा, चेन कुठल्या चाकाला लावायची ते त्यात लिहिलेलं असतं. पुस्तक 'मागं' म्हणत असेल तर पुढं लावायची नाही, मग यूट्यूबवाला काही का म्हणेना.

चांदोलीवाला
इथं माझा थोडा वेगळा विचार. थांबवायचं काम मुख्यतः पुढची चाकं करतात, ब्रेक मारला की वजन पुढं येतं. वळायचं कामही त्यांचंच. मग पार्ट टाइम फोर बाय फोरला, जिथं फोर-एचमध्ये पुढची चाकंही ओढतात, दोनच चेन असतील तर उतरताना पुढं का लावू नये?

निवृत्त_फौजी_सातारा
प्रश्न चांगला आहे. यावर आमच्या मेसमध्ये ताटं थंड व्हायची.

फक्त पुढं लावली तर पुढची चाकं धरतात, मागची नाहीत. पिकअपचा मागचा भाग हलका. उतारावर वळणात हलका ब्रेक लागला की पुढचं थांबतं आणि मागचं पुढं यायला बघतं. गाडी आडवी. फक्त मागं लावली तर मागचं धरतं, गाडी सरळ राहते, पण स्टिअरिंग फिरवूनही नाक सरळच जातं. दोन्हींत धोका आहे, प्रकार वेगळा. म्हणून खऱ्या उत्तराला चार चेन लागतात.

पण दोनच असतील तर मी मागं म्हणतो, आणि त्याचं कारण तुमच्या गाडीच्या रचनेत आहे. पार्ट टाइम फोर बाय फोरला मधलं डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा भाग, नसतं. फोर-एच किंवा फोर-एल (चारही चाकं, पण हळू वेगाचा गिअर) टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधला जातो. मग उतारावर फोर-एल, पहिला गिअर, क्लचवरून पाय बाजूला आणि ब्रेक जवळजवळ नाहीच. इंजिन चारही चाकांना मिळून रोखतं, आणि मागच्या चेनची पकड शाफ्टमधून पुढच्या चाकांनाही एकदम लॉक होऊ देत नाही. स्टिअरिंगला थोडा जीव राहतो. ब्रेकचं पेडल दाबलंत की हा सगळा फायदा घालवलात.

आणि नेमकं याच कारणानं कोरड्या डांबरावर फोर-एच ठेवायचं नाही. वळणात पुढच्या-मागच्या चाकांचं अंतर वेगळं पडतं, शाफ्टवर ताण येतो, गाडी अडखळते. बर्फ संपला की टू-एच, म्हणजे फक्त मागची चाकं ओढणार.

चांदोलीवाला
शाफ्टचा मुद्दा पटला. तरीही पुढं जागा असती तर मी चारही घेतल्या असत्या.

निवृत्त_फौजी_सातारा
मीही.

माणदेशी
एक अडाणी प्रश्न. उसाच्या फडात ट्रॉली रुतली की आमच्याकडं चाकाखाली पाचट टाकतात, नाहीतर रिमच्या भोकातनं दोर गुंडाळतात. तसं काथ्याच्या दोरानं नाही का भागणार?

टायरवाला_मिरज
फडातून बाहेर यायला भागतं. बर्फाच्या घाटात दोर झिजून तुटतो आणि सुटलेलं टोक ब्रेकच्या पाइपला किंवा एबीएसच्या वायरीला गुंडाळतं. पाचटाची कल्पना मात्र सोडू नका. तिथं पाचट मिळणार नाही, पण वाळूचं एक पोतं आणि एक फावडं हौद्यात ठेवा. जागेवर चाक फिरायला लागलं की ॲक्सिलरेटर देत बसू नका, खालचा बर्फ वितळून आणखी गुळगुळीत होतो. वाळू टाका, दुसऱ्या गिअरमध्ये हळू उचला.

सह्याद्रीवेडी
वजनाचंही सांगा कुणीतरी. जाताना बेदाणा आहे, येताना काय?

निवृत्त_फौजी_सातारा
बरोबर पकडलंत ताई. परतीचा प्रवासच अवघड. रिकामी पिकअप मागून शेपूट हलवते. श्रीनगरहून निघताना वाळूची तीन-चार पोती मागच्या एक्सलच्या बरोबर वर ठेवा, फाळक्याला टेकवून नाही. फार मागं ठेवलं तर पुढची चाकं हलकी होतात. आणि पट्ट्यानं आवळून बांधा, नाहीतर ब्रेक मारल्यावर पोती केबिनच्या काचेत. जाताना बेदाण्याच्या पेट्याही तशाच बांधा. गूळ मात्र केबिनमध्ये, ओलावा लागला तर भावाला काकवी पोचेल.

कृष्णाकाठ
चेनच्या नादात एक राहतंय. विटेकर, रेडिएटरमध्ये काय आहे? आपल्याकडं बरेच जण उन्हाळ्यात नळाचं पाणी ओतत राहतात आणि कूलंट नावालाच उरतो. तिकडं ते गोठलं तर पाणी फुगतं आणि ब्लॉकला तडा जातो. निघायच्या आधी पूर्ण काढून निम्मं कूलंट निम्मं डिस्टिल्ड पाणी भरून घ्या. इथिलिन ग्लायकॉलचं हे मिश्रण साधारण उणे ३७ पर्यंत गोठत नाही. वायपरच्या टाकीतलं साधं पाणीही काढा.

डिझेलचंही तसंच. आपल्या पंपावरचं डिझेल कडक थंडीत मेण धरतं, फिल्टर चोंदतो. लडाखसाठी इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये उणे ३३ पर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल काढलं ते याच कारणानं. श्रीनगरला एवढी थंडी नसते, तरी जम्मूच्या पुढं जाताना टाकी रिकामी करत न्या आणि वर गेल्यावर तिथलं भरा.

निवृत्त_फौजी_सातारा
उत्तम. आणखी एक जोडतो: रात्री उघड्यावर गाडी लावताना हँडब्रेक ओढू नका. ओली केबल, ओले लायनर, सकाळी चिकटलेले सापडतात. गिअरमध्ये टाका, चाकाला दगड लावा.

विटेकर
मंडळी, अपडेट. जाळीची, १२ मिलिमीटरची, आपोआप ताण घेणारी जोडी मागवली. पुस्तक बघितलं, मिरजकर म्हणाले तसं लिहिलेलं आहे, मागंच. काल ती आली आणि वाड्यासमोर बसवून बघितली. गल्लीतली पोरं गोळा झाली, 'विट्यात बर्फ पडणार काय' म्हणून.

पहिल्यांदा चेन पसरली तेव्हा एक कडी पिळलेली होती, ती सरळ करण्यातच वेळ गेला. मग मागची केबल टायरच्या आतून घालून वर हुकाला अडकवायची, पुढची बाजू जोडायची, लाल साखळी कुलपातून ओढत खाली आणायची. आतली बाजू दिसत नाही, नुसत्या हातानं चाचपायचं. इथं उन्हात घाम फुटला, तिथं उणे पाचमध्ये बधिर बोटांनी काय होईल देव जाणे. एकदा जमल्यावर डोळे झाकून, हातमोजे घालून पुन्हा केली. दुसरं चाक निम्म्या वेळात झालं.

निवृत्त_फौजी_सातारा
शाब्बास. आता थोडं बारीकसारीक.

हुकांची टोकं टायरकडं नकोत, बाहेर. हवा कमी करून चेन घालायची नाही. बसवल्यावर शंभरेक मीटर जाऊन थांबायचं आणि पुन्हा आवळायची, आपोआप ताणणारी असली तरी उतरून हात लावून बघायचं. खोक्यावर ताशी ५० लिहिलं असेल, तुम्ही ३० च्या वर जाऊ नका. चढ सुरू व्हायच्या आधी सपाट जागा बघून लावा, चढावर अडकल्यावर नाही. रबरी हातमोजे, डोक्याला बांधायची बॅटरी, गुडघ्याखाली घ्यायला पोतं. डांबर दिसायला लागलं की काढा, आळस करू नका. डांबरावर चेन तुटते आणि तुटलेलं टोक आतून सगळं ओरबाडतं.

सह्याद्रीवेडी
काका, वाटेत नेमकी कुठं लागेल? सगळीकडं बर्फ असतो का?

निवृत्त_फौजी_सातारा
नाही हो. जम्मूपर्यंत काहीच नाही. पुढं चेनानी-नाशरी बोगद्यामुळं पटनीटॉपची चढाई वाचते आणि २०२१ पासून बनिहाल-काझीगुंड बोगदा चालू आहे, त्यामुळं जुन्या जवाहर बोगद्याचा बर्फाळ चढही टळतो. चेन लागली तर बनिहाल-काझीगुंडच्या आसपास, तीही ताजा बर्फ पडला तरच. रामबनच्या पट्ट्यात बर्फापेक्षा दरडींची भीती जास्त, तिथं चेन काय करणार? महामार्ग उघडा की बंद, एकेरी की दुहेरी, हे तिथले वाहतूक पोलीस रोज जाहीर करतात. ते बघितल्याशिवाय जम्मू सोडायचं नाही. भाऊ तिकडं आहे, त्यालाच सकाळी फोन लावा.

खरी परीक्षा तंगमर्ग ते गुलमर्ग, तेरा किलोमीटर. सलग चढ, सलग वळणं, आणि वर २६५० मीटर. बर्फ पडल्यावर चेनशिवाय सोडत नाहीत. चेन असली तरी माझा सल्ला वेगळा आहे. ऊन आणि साफ केलेला रस्ता असेल तर न्या. रात्री बर्फ पडलेला असेल तर व्ही-क्रॉस तंगमर्गला लावा आणि तिथल्या जीपनं वर जा. ती पोरं तो रस्ता रोज चालवतात, चाकांना चेन असते, आणि आईवडील बरोबर असताना नवी चेन पहिल्यांदा त्याच उतारावर तपासू नये.

गणपतीपेठकर
म्हंजे चेन घेऊन बी जीपनंच जायचं?

निवृत्त_फौजी_सातारा
चेन वाटेत अचानक बर्फ लागला तर सुखरूप खाली यायला. हौसेला जीप.

विटेकर
पटलं काका. आई तर म्हणते गुलमर्ग नको, पोराचं दुकान बघायचं आहे. बाबांना मात्र गोंडोला, म्हणजे तिथला रोपवे, पाहिजे. जीपनं जाऊ.

मिरजकर, परत आल्यावर चेन कशी ठेवायची?

टायरवाला_मिरज
रस्त्यावर मीठ टाकलेलं असेल तर ते चेनला लागून येतं आणि महिनाभरात गंज धरतं. साध्या पाण्यानं धुवा, उन्हात वाळवा, कडीकडीला हलकं तेल. मग पेटीत. द्राक्षाच्या औषधांच्या खोलीत ठेवू नका, मोरचूद आणि गंधक लोखंडाला खातं.

माणदेशी
विटेकर, माझ्या गाडीचे टायरबी २५५/६० आर १८ च हायत. पुढच्या हिवाळ्यात आम्ही जाणार. तवर चेन पडूनच असणार न्हवं?

विटेकर
घेऊन जा की. पण आधी वाड्यावर या, डोळे झाकून बसवून दाखवा, मग देतो.